साडेतीन मिलिमीटर

बाबांचा धंदा गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांत मावायचा.
कुणाच्या गादीवर टेकायचं, कुणाचा चहा नाकारायचा नाही,
उधारीचं नाव काढायचं ते पान खाऊन झाल्यावरच,
सगळं त्यांना पाठ.
मला ते जमलं नसतं.
बाई गादीवर टेकली
की आधी तिच्या टेकण्याची चर्चा,
चाळणीचा नंबर मागाहून.

म्हणून भाच्यानं फोनवर माझं खातं उघडलं:
महानंदा हलकुडे, डाळ मिलच्या चाळण्या, लातूर एमआयडीसी.
“आत्या, फोटो टाक. लोक बघतेत.”
मी पंचिंग मशीनचा टाकला.
महिन्याभरात पाचशे लोक माझ्या ओळखीचे झाले.
एक यशाचा गुरू होता.
एक रात्री अकराला विचारायचा, जेवण झालं का.
एकानं हात जोडलेल्या चित्राखाली विमा पाठवला.

तुरीचा भरडा पडतो तेव्हा आधी सालपट उडतं,
मग चुनी खाली जाते,
जाळीवर जे थरथरत राहतं ती डाळ.
पाचशेतून माझ्या जाळीवर सात राहिले.

त्यातल्या एकाला ई-मेल लिहिला.
रूपनारायण पटवा, मिलचे फोरमन, कटनी.
अर्धी रात्र माननीय की प्रिय यातच गेली.
शाळेतलं स.न.वि.वि. बोटांवर आलं,
हिंदीत त्याचं काय करतात कुणाला विचारू?
शेवटी लिहिलं: नमस्कार. तुमच्या व्हिडिओत तिसऱ्या चाळणीवर
डाळ एका कडेला जमते.
पत्रा वाकलेला नाही, भोकं असमान आहेत.
मला काही विकायचं नाही.
पुन्हा वाचलं आणि शेवटचं वाक्य खोडलं.
विकायचं होतंच.

अकरा दिवस काही नाही.
चुलीवर दूध ठेवलेल्या बाईसारखी मी
सारखी उघडून बघायची.
भाचा म्हणाला, आठवण पाठव.
बाबा कुणाच्या दारात दोनदा उभे राहिले नाहीत, मी म्हटलं,
आणि बाराव्या दिवशी पाठवायलाच बसले,
तर उत्तर आलेलं.
एक ओळ: भोक किती मि.मी.?

ना नमस्कार, ना सही.
इतकं बरं वाटलं की एकटीच हसले,
दत्तू वेल्डर काच वर करून बघायला लागला.

साडेतीन, मी लिहिलं.

पहिला माल गेला. पावतीचा फोटो पाठवला.
रात्री उरलेल्या पत्र्यावर सवयीनं व्हर्नियर लावला.
पावणेचार.
डाय झिजली होती.
बाहेर ट्रकांची रांग, लाइट जाते की राहते.
त्यांना कळायला पंधरा दिवस लागले असते,
कदाचित कळलंही नसतं.
पाव मिलिमीटर म्हणजे केवढं, नखातला मळ.
लिहिलं: माल चढवू नका. चूक माझी.
दुसरा पाठवते, भाडंही माझं.
पाठवताना अंगठा जरा थांबला.
भाडं चार हजार दोनशे होतं.

त्याला सहा वर्षं झाली.
मी त्यांना पाहिलेलं नाही.
त्यांच्या खात्यावर चेहऱ्याच्या जागी मोटर आहे, दहा हॉर्सपॉवरची.
फोनवर बोलावं असं दोघांनाही सुचलं नाही.
पण कटनीत हवेत ओल धरली की मला कळतं,
डाळ चिकटायला लागते
आणि ते पूर्णविराम द्यायचे विसरतात.

काल त्यांचा मेल आला. रिटायर होतोय म्हणून.
सोबत आणखी चार पत्ते जोडलेले,
दमोह, अकोला, इंदूर, एक तर थेट यंगूनचा.
सगळ्यांना मिळून एकच वाक्य:
या बाई मोजून देतात, चुकलं तर आधी त्याच सांगतात.

उत्तर लिहायला घेतलं.
आभार फार पातळ पडतं.
खाली ‘आपली’ म्हणावं,
तर पुन्हा आपली गादीवर टेकलेली बाई.
एवढ्यात यंगूनचं आलं, निम्मं हिंदी, निम्मं इंग्रजी:
उडदाला भोक किती?

दत्तू, मशीन बंद कर जरा.
व्हर्नियर कुठं ठेवलास?